हात परत कसा येतो

मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी म्हात्रे मॅडम जमिनीवर आडव्या पडल्या होत्या.

ठाण्यातलं आमचं फिजिओथेरपीचं कॉलेज, तिसऱ्या मजल्यावरचा लांबलचक व्हरांडा. मी नेमणुकीचे कागद हातात घेऊन डिपार्टमेंट शोधत आलेले, तर समोर साडी नेसलेली, पायात स्पोर्ट्स शूज घातलेली, पन्नाशीची एक बाई गाल लादीला टेकवून पडलेली. मला वाटलं चक्कर आली. मी धावत गेले.

"मॅडम, पाणी आणू का?"

"पाय बाजूला घे," त्या म्हणाल्या. "मधे येतेयस तू."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक विद्यार्थी व्हीलचेअरमध्ये बसून दोन्ही हातांनी चाकं ढकलत येत होता. त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावरून गाडी गेली. मग त्या उठल्या, निऱ्या झटकल्या आणि मला म्हणाल्या, "पुढचं छोटं चाक थरथरतंय. दिसलं?"

"नाही."

"मग परत बघू. ये, आडवी हो."

माझा ड्रेस नवा होता, सकाळीच इस्त्री केलेला. मी झाले आडवी. चाक खरंच थरथरत होतं. ते का थरथरतं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. "मलाही नाही कळलंय अजून," म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की जणू न कळणं ही कुणीतरी आणून दिलेली मिठाई होती.

म्हात्रे मॅडम बायोमेकॅनिक्स शिकवायच्या. शरीर हलतं कसं, जोर कुठून निघतो, कुठे पोहोचतो, वाटेत कुठे वाया जातो, याचा अभ्यास. चालणं, धावणं, उडी मारणं हे सगळं त्या शिकवायच्या, पण त्यांचा जीव अडकला होता व्हीलचेअरमध्ये. बसलेला माणूस फक्त हातांच्या जोरावर स्वतःला पुढे कसा नेतो, आणि जोरात न्यायचं झालं तर काय करतो. व्हीलचेअरच का, असं त्यांना सगळे विचारायचे आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. प्रिन्सिपलना त्या म्हणायच्या, या विषयावर आपल्याकडे काम व्हायला हवं. मला एकदा डबा खाताना म्हणाल्या, "अगं, खांदा बघ ना जरा. फेकायला, झोके घ्यायला, भाकरी थापायला बनलेली वस्तू आहे ती. या लोकांनी तिचा पाय केलाय. आणि चालतंय की! कसं काय चालतं, सांग मला."

डब्यात बहुतेक तांदळाची भाकरी आणि सुकट असायची. त्या मूळच्या मानपाड्याच्या, डोंबिवली पूर्वेला एमआयडीसी आली त्याच्याही आधीपासूनच्या आगरी घरातल्या. वर्गात त्यांचं मराठी एकदम पुस्तकी, पण एखादी गोष्ट मनासारखी दिसली की घरची बोली बाहेर यायची. "आरं पोऱ्या, येवरा कनाला जोर लावतंस?" म्हणजे एवढा जोर कशाला लावतोस, असं त्या भर प्रॅक्टिकलमध्ये ओरडायच्या आणि मुलं खूश व्हायची. मॅडम आगरीत बोलल्या म्हणजे आज काहीतरी सापडलंय, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या एका स्पोर्ट्स हॉलमध्ये व्हीलचेअर बास्केटबॉल खेळणारी मुलं यायची. मॅडमनी तिथल्या व्यवस्थापकाला काय सांगून पटवलं माहीत नाही, पण खेळ सुरू होण्याआधीचा वेळ त्यांना मिळायचा. तेव्हा त्या मुलांच्या चाचण्या घ्यायच्या. वीस मीटरची सरळ रेघ, दोन्ही टोकांना सेन्सरचे खांब, आणि बाजूला ट्रायपॉडवर मोबाइल. खांदा, कोपर आणि मनगटावर काहीतरी चमकतं चिकटवावं लागतं, म्हणजे व्हिडिओमध्ये हात कुठून कुठे गेला ते नीट माग काढून बघता येतं. त्यासाठी विकत मिळणाऱ्या खुणा महाग. मॅडम स्टेशन रोडवरून टिकल्यांची पाकिटं आणायच्या, मोठ्या, चमकीच्या. दंडात बैलाची ताकद असलेली मुलं टिकल्या लावून ओळीने बसायची.

चाकाला बाहेरून एक कडी जोडलेली असते, हाताने ढकलायची. तिच्यावर मॅडम खडूची पूड चोळायच्या. मुलगा एकदा जोरात जाऊन आला की हातमोज्यावर पूड कुठे लागली, कडीवरची कुठे पुसली गेली ते बघायचं. हात कडीला कुठे भेटला, कुठे सुटला, सगळं तिथे उमटलेलं.

"सगळे हात ढकलताना बघतात," त्या मला म्हणायच्या. "पण हात ढकलतो थोडाच वेळ. जास्त वेळ तो परत येत असतो. तू परत कसा येतो ते बघ."

मी बघायला लागले. आणि खरंच, प्रत्येकाचा हात वेगळा परत यायचा. कुणाचा कडीच्या खालून सैल झुलत, कुणाचा वरून वळसा घालून, कुणाचा कडीला घासत घासत, आलेल्या वाटेनेच. खालून झुलत येणाऱ्याला दम कमी लागायचा. पण जागेवरून सुटताना, पहिल्या दोन-तीन ढकलण्यांत, हे सगळं बाजूला राहायचं. तिथे माणूस कमरेतून पुढे झेपावून कडीला अक्षरशः ठोसे मारायचा. मॅडमचं सगळं प्रेम त्या पहिल्या तीन ठोशांवर होतं. "शर्यत इथेच होते," त्या म्हणायच्या. "पुढचं नुसतं निस्तरणं."

अशाच एका रविवारी संदेश आला.

संदेश मॅडमच्याच मानपाड्याचा, तिथल्या चाळीत आईबरोबर राहायचा. एका कारखान्याच्या छपरावर पत्रे बसवताना खाली पडला, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा तो विशीत होता. मला भेटला तोवर रडून, चिडून झालं होतं आणि तो वेगाच्या मागे लागला होता. बास्केटबॉल खेळायचा, पण खरं त्याला शंभर मीटर पळायचं होतं. पळायचं हाच शब्द तो वापरायचा. राज्य स्पर्धेसाठी निवड जवळ आली होती.

मॅडम त्याच्या कोपराला टिकली लावत होत्या तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आता हळद पण लावा. आई खूश होईल."

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. मग त्याने रेघेवर गाडी आणली आणि सुटला. मी खांबापाशी वेळ बघत होते. त्या दिवशीचा तो सगळ्यात वेगवान होता, आणि बऱ्याच अंतराने. मुलांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्यांदा त्याहून चांगला. तिसऱ्यांदा तो रेघेवर आला, तशा मॅडम पुढे जाऊन त्याच्या गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"बस. झालं आज."

"का? अजून एक आहे ना?"

"उजवा खांदा दुखतोय तुझा."

"नाही दुखत."

"गाडी उजवीकडे जातेय. उजवा हात कमी ढकलतो, म्हणून गाडी तिकडे वळते. आणि ती सरळ ठेवायला तू डाव्या हाताने हळूच ब्रेक लावतोस. म्हणजे एका हाताने पळतोस आणि दुसऱ्याने स्वतःलाच थांबवतोस. तरी सगळ्यांच्या पुढे! मला सांग, कसं जमवतोस?"

मॅडमनी हे अगदी मनापासून, कौतुकाने विचारलं होतं. पण संदेशचा चेहरा पडला. आपण लपवलेलं चारचौघांत उघडं पडलं एवढंच त्याला ऐकू आलं असणार.

"गोळी घेतलीय," तो म्हणाला. "आणि मला कुणाची दया नकोय."

"दया कोण करतंय? मी विचारतेय."

"तुम्हाला विचारायला काय जातंय? तुम्ही टिकल्या लावणार, व्हिडिओ काढणार आणि चालत घरी जाणार. एक दिवस बसून बघा ना याच्यात. मानपाड्यात बसून बघा, इथे नाही."

एवढं बोलून तो टिकल्या खरवडत निघून गेला. मॅडमनी खाली पडलेल्या टिकल्या एकेक करून उचलल्या.

मला वाटलं, विषय संपला. पुढच्या शनिवारी मॅडम कॉलेजची एक व्हीलचेअर टेम्पोत घालून डोंबिवलीला गेल्या आणि संदेशच्या चाळीसमोर उतरल्या. पुढचं मला संदेशने सांगितलं, बऱ्याच दिवसांनी. त्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चल, तू रोज कुठे जातोस ते दाखव." चाळीच्या तोंडाशी सिमेंटचा उतार होता. रिक्षा आत आणायला कुणीतरी कधीतरी घातलेला, छपरासारखा उभा. तो उतरताना मॅडमची गाडी सुटली आणि संदेशने ती धरली. पुढे रस्ता, खड्डे, मालाचे टेम्पो. मग गटारावरची एक फरशी, रस्त्यापेक्षा वीतभर उंच. संदेशने मागे रेलून, पुढची चाकं उचलून गाडी एका झटक्यात वर घेतली. मॅडमनी प्रयत्न केला. पुन्हा केला. आणि तिसऱ्या वेळी त्या उठून उभ्या राहिल्या, गाडी उचलून फरशीवर ठेवली आणि परत बसल्या.

"सवयीने उठल्या हो त्या," संदेश मला म्हणाला. "त्यांनाही कळलं नाही. मग कळलं. मी हसलो, पण त्या नाही हसल्या. गाडीतून उतरल्या आणि मला म्हणाल्या, माझा प्रयोग फसला. मी उठू शकते. आता तूच दाखव, मी चालत येते."

सोमवारी कॉलेजात त्या अवघडल्यासारख्या बसल्या होत्या. मी चहा आणला.

"स्नेहा, आपण चुकीच्या जागी बघत होतो," त्या म्हणाल्या. "हॉलमुळे त्याचा खांदा दुखत नाहीये. हॉल गुळगुळीत आहे. त्याचा खांदा मोडतोय त्या उताराने. दिवसातून किती वेळा चढतो तो, आणि तेही रुंद, उंच, कुणाच्या तरी मापाच्या गाडीत. कोपरं बघ, कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर. खांद्याने दुसरं करावं तरी काय?"

त्यांनी मग त्याचा सगळा दिवस बघितला. उतार, फरशी, संडासाच्या उंबरठ्याची पायरी, कामावर जायचा रस्ता. तो एका छोट्या दुकानात मोबाइल दुरुस्त करायचा. संदेशला याची गंमत वाटू लागली. माझ्या डोक्यात कुणी इतका वेळ घातला नव्हता, तो म्हणायचा, आणि या बाई माझ्या कोपरात घालतायत. खांद्याचा स्कॅन काढला तर आतल्या एका स्नायूचा दोर थोडा फाटलेला निघाला. मॅडमनी ओळखीच्या कारागिराकडून गाडीची रुंदी कमी करून घेतली, बैठक खाली घेतली आणि मोठ्या चाकांचा आस पुढे सरकवला. चाकं पुढे आली की हाताला कडीचा जास्त भाग मिळतो, लांब आणि सैल ढकलता येतं, पुढच्या छोट्या चाकांवरचा भार हलका होतो आणि गाडी कमी जोर लावून पळते. हॉलमध्ये तर ती लोण्यासारखी निघाली. मॅडम तोंडभर आगरी बोलल्या.

दुसऱ्या दिवशी संदेश त्याच उतारावर मागच्या मागे उलटला.

आस पुढे गेला की गाडी मागे कलंडायला सोपी होते. हे मॅडमना माहीत होतं, मलाही होतं, आणि गाडी मागे उलटू नये म्हणून मागे दोन छोटी चाकं बसवायची ठरलीही होती. कारागिराने ती पुढच्या आठवड्यात देतो म्हटलेलं. मॅडमना तोवर धीर धरवला नाही. त्याला गाडी लगेच द्यायची त्यांना घाई झाली होती.

डोक्याला टाके पडले होते. आम्ही घरी गेलो तेव्हा संदेश भिंतीला टेकून बसला होता, वर बुद्धाची तसबीर, आणि दारात त्याची आई. ती पॅकिंगच्या कामावरून तशीच घरी आलेली होती. तिने आम्हाला आत या म्हटलं नाही.

"तुमच्या प्रयोगासाठी आहे का माझा पोरगा?" ती मॅडमना म्हणाली. "एकदा वरून पडला, तेव्हा सगळे म्हणाले नशीब. आता याला काय म्हणू?"

मला वाटलं मॅडम समजावतील, मागची चाकं यायची होती वगैरे सांगतील.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "चाकं लागल्याशिवाय द्यायला नको होती. मी उद्या आस परत मागे घेते."

आतून संदेश ओरडला, "मागे नाही घ्यायचा!"

"तू गप रे," आई म्हणाली.

"आई, मी घाईत होतो. उतारावर पुढे वाकायला पाहिजे होतं, मी मागे रेललो सवयीने. ही गाडी चांगली आहे. कालपासून गोळी नाही घेतलेली मी." मग मॅडमकडे बघून, जरा आवाज खाली आणून, "मी शिकतो. पुढेच ठेवा."

त्याच्या आईने एकदा त्याच्या टाक्यांकडे बघितलं. मग बाजूला सरली आणि म्हणाली, "चहा टाकते. पण साखर संपलीय."

तिथून दोन गोष्टी झाल्या. मागची छोटी चाकं लागली, आणि चाळीतल्या लोकांनी तो उतार फोडून दुप्पट लांब, मधे वळण घेऊन नवा घातला. संदेशच्या आईने घराघरात जाऊन लोकांना उठवलं. मॅडम फक्त किती उतार असावा ते सांगून आल्या आणि सिमेंट ओलं असताना एकदा त्याच्यावर आडव्या पडून बघायला निघाल्या होत्या, तिथे लोकांनी अडवलं.

निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात संदेश कॉलेजात आला. खांदा पूर्ण बरा नव्हता.

"मॅडम, गोळी घेऊन पळालो तर होईल निवड. पळू का?"

"होईल निवड. दोरही आणखी फाटेल, असं मला वाटतं. किती ते मला सांगता येत नाही."

"तुम्ही असता तर?"

"मी फरशीपाशी उठून उभी राहणारी बाई आहे. तुझ्या वतीने मी कसं ठरवू?"

त्याने गाडी खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "या वर्षी नको." त्याचे डोळे भरले होते. मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, थोपटलं नाही. त्यांनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि दोघं पहिल्या तीन ठोशांबद्दल बोलत बसले, जेवायची वेळ टळून गेली तरी.

पुढच्या वर्षी तो निवडला गेला.

ती स्पर्धा म्हणजे आमचं शेवटचं एकत्र काम. त्याच महिन्यात माझं लग्न होऊन मी नाशिकला गेले. फोन व्हायचे. फोनवर त्या "कशी आहेस" विचारायच्या आणि उत्तर ऐकण्याआधी एखाद्या नव्या हाताबद्दल बोलायला लागायच्या. मग एक दिवस त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाले. मला वेळेत पोहोचता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं. त्यांना निश्चल पडलेलं मी कधी बघितलं नव्हतं, जमिनीवर असतानासुद्धा.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ते स्पर्धेचं मैदान. दुपार कलली होती. शंभर मीटरची शर्यत लागायच्या आधी सगळे शेवटच्या रेषेकडे धावले, मीही. मॅडम सुरुवातीच्या रेषेपाशी, दोरीला टेकून, एकट्याच. पिस्तूल वाजलं. संदेश कमरेतून झेपावला आणि गाडी सरळ आली, रेघ ओढल्यासारखी सरळ. तो दुसरा आला. त्याची आई माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की नंतर वळ राहिले. मी धावत मॅडमकडे गेले.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"दुसरा!"

"हं. पहिले तीन फार सुंदर होते," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागल्या.

शर्यत संपली होती, पण ट्रॅकच्या अगदी कडेच्या पट्ट्यातून अजून एक मुलगी आमच्या बाजूला येत होती. मुलींच्या आधीच्या शर्यतीतली की नवशिक्यांच्या, मला माहीत नाही. कल्याणची होती, एवढं तिच्या जर्सीवरून कळत होतं. दवाखान्यातली जुनी, भली मोठी गाडी, आणि तिचे हात कडीपर्यंत धड पोहोचतही नव्हते. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. ती कशीबशी आमच्या टोकाच्या रेषेपाशी आली आणि तिथेच मान खाली घालून रडायला लागली.

मॅडम निघाल्या. स्पोर्ट्स शूजमधून, निऱ्या एका हाताने उचलून, भराभर.

मी परत शेवटच्या रेषेकडे आले, तेव्हा संदेशभोवती गर्दी जमली होती. कुणी खांद्यावर थापा मारत होतं, कुणी पेढा भरवत होतं. तो मान उंचावून शोधत होता. "मॅडम कुठायत?" त्याने मला विचारलं. मी बोट दाखवलं. ट्रॅकच्या त्या टोकाला मॅडम गाडीशेजारी मातीत बसल्या होत्या आणि ती मुलगी रडता रडता त्यांना आपला हात दाखवत होती. वर कसा येतो, कुठे अडतो.

संदेशने हाक मारली नाही. पेढा गालात सरकवला, गाडी वळवली आणि गर्दीतून वाट काढत तिकडे निघाला. मी बघत राहिले. तो पोहोचला, तशा मॅडम वर न बघता जरा बाजूला सरकल्या आणि त्याला जागा करून दिली.